नानांची छत्रछाया

नवतपा लागून पारा ४५ अंशांवर ठाण मांडून बसला आहे, रस्त्यावरचे डांबर चपलेला चिकटते आहे, आणि आमच्या नागपुरी ले-आउटमधील यच्चयावत प्राणी, कुत्र्यामांजरांसह, कूलरच्या ओल्या वाळ्यासमोर निपचित पडले आहेत, अशा भर दुपारी तीन वाजता कुंपणाच्या पश्चिम भिंतीशी डोक्याला दुपट्टा न बांधता उभे राहून, हातातील छत्री स्वतःवर न धरता वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या खोक्यावर मोठ्या ममतेने धरणारे जे वृद्ध गृहस्थ तुम्हांस दिसतील, ते आमचे नाना.

नाना बत्तीस वर्षे महसूल खात्यात होते आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. खात्याने त्यांना सोडले. त्यांनी मात्र खात्याला सोडलेले नाही. घरात रोजकीर्द आहे, तीत सकाळ-संध्याकाळ विजेच्या मीटरचा आकडा चढतो, आणि दुधाच्या पिशवीपासून देवापुढील उदबत्तीपर्यंत प्रत्येक बाबीला स्वतंत्र सदर आहे. काटकसर हा त्यांचा धर्म असल्यामुळे त्या धर्मासाठी होणारा खर्च ते खर्चात धरीत नाहीत. असा माणूस प्रत्येक वस्तीत एखादा तरी असतो, आणि शेजाऱ्यांच्या करमणुकीची तजवीज त्याच्याशिवाय होत नाही.

यंत्राला सावली देण्याची कल्पना त्यांना म्हशीवरून सुचली. "उन्हात बांधलेली म्हैस दूध कमी देते की नाही?" असा त्यांचा बिनतोड सवाल. छत्री धरून हात अवघडला तेव्हा त्यांनी खोक्यावर भिजवलेले गोणपाट टाकले. चार दिवसांत पाण्यातले क्षार आतल्या नाजूक पत्र्यांवर पांढऱ्या पुटासारखे बसले. मग वेधशाळेच्या आवारात तापमापक ठेवण्यासाठी असते तशी, चहूबाजूंनी तिरप्या झडपा असलेली पांढरी लाकडी पेटी त्यांनी सुताराकडून करून घेतली आणि तीत यंत्राची यथासांग प्रतिष्ठापना केली. यंत्राने अर्धा तास धापा टाकल्या आणि आपण होऊन ते बंद पडले. दुरुस्तीला आलेल्या पोराने पेटीकडे, नानांकडे, आणि पुन्हा पेटीकडे पाहिले. "काकाजी, याले कोंडून काहून ठेवलं? याले सावली नाई, मोकळी हवा लागते." एवढा निवाडा देऊन आणि पाचशे रुपये घेऊन तो गेला.

त्या पोराचे म्हणणे शास्त्राला धरून होते. दीड टनाचे यंत्र खोलीतील उष्णता आणि स्वतः खाल्लेली वीज मिळून साडेसहा हजार वॅटच्या घरात उष्णता बाहेर फेकीत असते, आणि त्यासाठी मिनिटाला सुमारे हजार घनफूट हवा ओढून घेते. त्या मानाने खोक्याच्या पत्र्यावर पडणारे ऊन म्हणजे तीनचारशे वॅटची क्षुल्लक बाब, आणि तीही बव्हंशी पत्र्यावरच राहणारी. वीज किती लागावी हे ठरते त्या ओढलेल्या हवेच्या तापमानावर. ती हवा साऱ्या आवारातून येते, नानांच्या छत्रीखालून नव्हे. गंमत अशी की, वेधशाळा जे ४५ अंश सांगते ते मुळातच त्या झडपांच्या पेटीत, म्हणजे सावलीत मोजलेले असतात. सावली देऊन त्यांतून आणखी काही वजा होण्याची सोय नाही. उलट पेटीत कोंडलेले यंत्र स्वतःच टाकलेली गरम हवा पुन्हा पुन्हा गिळते आणि मीटर अधिक जोमाने धावतो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या सौरऊर्जा केंद्राने १९९० नंतरच्या दशकात तेथल्या घरांवर सावलीचा हा प्रयोग रीतसर मोजून पाहिला, तेव्हा बचत निघाली ३ टक्क्यांहूनही कमी.

मी हा तपशील मोठ्या उत्साहाने नानांच्या कानी घातला. माझी चूक अशी की मी '३ टक्के' म्हणालो. 'कमी' हा शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. "म्हणजे बचत आहे!" असे उद्गारून त्यांनी त्याच संध्याकाळी लोहाराला बोलावले, आणि आठवड्याच्या आत यंत्राच्या डोक्यावर, हवेला चारी बाजू मोकळ्या ठेवून, चार खांबांचे पत्र्याचे छत्र उभे राहिले. एकूण खर्च ४,३२० रुपये.

हिशेब मात्र काकूंनी केला. महिन्याला त्या यंत्राची ३०० युनिटे. पुरते ३ टक्के धरले तरी ९ युनिटे. दहा रुपये दराने ९० रुपये. उन्हाळ्याचे तीन महिने म्हणजे वर्षाकाठी २७० रुपये. छत्राची किंमत वसूल व्हायला सोळा वर्षे. "आणि तो पोरगा म्हणाला, यंत्र दहाबारा वर्षं चालतं," काकू शांतपणे म्हणाल्या. त्याच बैठकीत त्यांनी आपली जुनी मागणीही पुन्हा मांडली. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारभर ऊन सरळ पलंगावर येते, तिला बाहेरून एक ताटी लावून द्यावी, ही ती मागणी. आणि खोलीत येणारी उष्णताच अडवणारी ती ताटी छत्रापेक्षा कितीतरी अधिक वीज वाचवील, हे मीही सांगून पाहिले.

नानांनी दोन्ही बाजूंची कैफियत ऐकून घेतली, चष्मा पुसला आणि रोजकीर्द पुढे ओढली. ताटीच्या मागणीपुढे त्यांनी लिहिले: 'चालू साली तरतूद शिल्लक नाही.' छत्रापुढे लिहिले: 'पुढील यंत्र याच छत्राच्या मापाचे घ्यावे.' आणि खाली सही व तारीख घालून प्रकरण दप्तरदाखल केले.