सत्त्याण्णव टक्के आयडल

रात्री दोन ते सकाळी आठ इंटरनेट फुकट, अशी एक योजना ब्रॉडबँडच्या सुरुवातीच्या काळात, 2005-06 च्या सुमारास होती. दिवसा मोजून एमबी, रात्री मोकाट. या योजनेने किती मध्यमवर्गीय गृहस्थांची झोप उडवली याची नोंद कुठे झालेली नाही. पण आमच्या कोथरूडच्या सोसायटीत भल्या पहाटे गॅलरीत उभं राहिलं की आणखी तीन-चार खिडक्यांत निळसर उजेड दिसायचा, आणि वेडे आपण एकटेच नाही एवढं समाधान मिळायचं.

मी जागायचो बालगंधर्वांसाठी. बाबांना ‘स्वयंवर’मधलं एक पद हवं होतं, तेही लहानपणी वाड्यात फोनोवर ऐकलेल्या जुन्या तबकडीवरचंच. नाटक 1916 चं. गंधर्वांच्या ऐन उमेदीतल्या तबकड्याही जुन्याच, आणि आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क साठ वर्षांनी संपतो. म्हणजे 2005 साली 1944 पर्यंतचं सगळं मोकळं. हा मुद्दा मी घरात पुन्हा पुन्हा मांडत असे, कारण आपल्या घरात रात्री चोरी चालते असं बायकोचं ठाम मत होतं. माझ्या यादीत 1944 नंतरचीही काही नावं होती. त्यांच्याविषयी मी मुद्दा मांडत नसे.

बायकोला उत्तर म्हणून मी इतिहासही काढला होता. शॉन फॅनिंग नावाच्या कॉलेजातल्या पोराने 1999 मध्ये नॅपस्टर काढलं, ते कोर्टाने 2001 मध्ये बंद पाडलं, तोवर कझा आलं होतं. आणि कझा काढणाऱ्या झेन्स्ट्रॉम आणि फ्रीस या जोडीने त्याच एस्टोनियन प्रोग्रामरांना हाताशी धरून 2003 मध्ये काय काढलं? स्काइप! “तू रोज रात्री न्यू जर्सीच्या ताईशी ज्याच्यावर तासभर बोलतेस, ते याच लोकांचं आहे,” मी विजयी मुद्रेने म्हणालो. “मग तेवढ्यात कॉम्प्युटर बंद का नाही पडत?” ती म्हणाली. इतिहास तिथेच थांबला.

कारण कॉम्प्युटर बंद पडायला लागला होता. बंद म्हणजे हँग. माउसचा बाण हलायचा, थांबायचा, मग एकदम भलत्याच कोपऱ्यात उगवायचा. गाणं चालू असेल तर एकाच अक्षरावर र्र्र्र करत राहायचं. तीन बोटांनी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून मी बसून राहायचो, आणि टास्क मॅनेजरची खिडकी उघडेपर्यंत दूधवाला येऊन जायचा.

माझ्या त्या सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही. बिचाऱ्याचा दोष नव्हता. त्याची पद्धत अशी, की ज्याच्याकडे फाइल आहे त्याच्या दारात आपण रांग लावायची. आपण जितकं इतरांना वाटू तितका आपला नंबर लवकर. आमचा गंधर्वांचा साठा बहुधा एकाच माणसाकडे होता आणि तो सवडीनुसार उगवायचा. 256 किलोबिटचं कनेक्शन म्हणजे सेकंदाला 32 किलोबाइट. तीन एमबीचं गाणं दीड-पावणेदोन मिनिटांत यायला हवं, म्हणजे ते ऐकायला लागतो त्याच्या निम्म्या वेळात. प्रत्यक्षात रेशनच्या दुकानासारखं चाललं होतं: दुकान उघडं असेल तेव्हा आपला नंबर नाही, आणि नंबर लागला की शटर खाली.

रांग पुढे सरकावी म्हणून मी सेटिंग्जमध्ये शिरलो. ‘जास्तीत जास्त कनेक्शन’ असा एक चौकोन होता, त्यात काही शे असा आकडा होता. मला तो मोघम वाटला. त्याच्यापुढे मी एक शून्य वाढवलं. पुढे कधीतरी, नीट आठवत नाही, दुसरंही वाढवलं असावं. यंत्रात रॅम 128 एमबी. विंडोज एक्सपीला तेवढी स्वतःलाच जेमतेम पुरायची. वर हजारो अनोळखी लोकांशी एकाच वेळी बोलायला सांगितल्यावर ती उरलेलं ओझं हार्ड डिस्कवर टाकायची, आणि डिस्क रात्रभर करकरत राहायची. कारण इतकं सरळ होतं. आकडा खाली आणला असता तर हा लेख झाला नसता.

पण सोसायटीत ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा’ अशी माझी ख्याती होती (दोघांचे प्रिंटर आणि एकाचा स्पीकर मी चालू करून दिला होता; स्पीकरची पिन नुसती निघाली होती). अशा माणसाला सरळ कारण परवडत नाही. मी वाचन सुरू केलं. ऑगस्ट 2004 च्या सर्व्हिस पॅक दोनमध्ये विंडोजने अर्धवट जुळलेल्या कनेक्शनांवर मर्यादा घातल्याचं मला कळलं: एका वेळी फक्त दहा. ब्लास्टर, सॅसरसारखे वर्म एका यंत्रावरून दुसऱ्यावर धडाधड पसरले होते, त्यांना वेसण म्हणून. मर्यादा ओलांडली की इव्हेंट लॉगमध्ये 4226 क्रमांकाची नोंद पडते. मी लॉग उघडला. वरपासून खालपर्यंत 4226, 4226, 4226. मला इतका आनंद झाला की मी बाबांना उठवलं.

“सापडला!” मी म्हणालो.

“गंधर्व?” बाबा उठून बसले.

त्या मर्यादेमुळे जादा कनेक्शनं फक्त थांबून राहतात, यंत्र गोठत नाही, हे त्याच लेखात पुढच्या परिच्छेदात होतं. तो परिच्छेद मी वाचला नाही. टीसीपीआयपीची सिस्टिम फाइल बदलणारा एक पॅच उतरवून घेतला, चालवला आणि वर्म अडवायला घातलेली वेसण स्वतःच्या हाताने काढून टाकली. हँग होणं तसंच राहिलं.

मग सगळेच कामाला लागले. मेहुणा म्हणाला, “भाऊजी, व्हायरस.” त्याच्या मते जगात दुसरं कारणच नसतं. शेजारचे काका इलेक्ट्रिकलमधून निवृत्त, ते टेस्टर घेऊन आले, सगळ्या प्लगांत खुपसून पाहिला आणि “अर्थिंग!” म्हणाले. तपकीर गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या मुलाने माझं म्हणणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. “रॅम टाका,” म्हणाला आणि माझ्या हातात 256 ची पट्टी ठेवून पैसे घेतले. बाबा मात्र टास्क मॅनेजर निरखत बसले होते.

“हा सिस्टिम आयडल कोण?” त्यांनी विचारलं.

“तो कोणी नाही, बाबा. म्हणजे यंत्र रिकामं बसलंय.”

“सत्त्याण्णव टक्के खातोय.”

“खात नाहीये. ते उरलेलं आहे.”

“सरकारी कचेरीत जन्म गेला माझा. काहीही न करणारा सत्त्याण्णव टक्के खातो, हे मला तू समजावू नकोस. त्याला काढ.”

मी मोठ्याने हसलो. ते हसणं घरात बरेच दिवस ऐकवलं गेलं.

रॅमची पट्टी बसवायला मी स्वतः कॅबिनेट उघडलं आणि उघडलंच आहे तर साफही करू म्हणून व्हॅक्यूम क्लीनर आणला. आत हार्ड डिस्ककडे जाणारी एक राखाडी चपटी केबल पंख्याच्या आड येत होती. ती मी नीट दुमडली, कडेला दाबली आणि झाकण लागत नव्हतं म्हणून वरून गुडघा टेकला. त्याच रात्री, मेहुण्याची समजूत काढायची म्हणून, कनेक्शनचा आकडाही परत काही शेवर आणला.

म्हणजे मूळ रोग त्या रात्री बरा झाला होता. फक्त ते कळायला मार्ग उरला नव्हता, कारण गुडघ्याने दुसरा दिला होता.

हँग होणं वाढलं. त्यामुळे आकडा कमी करणं हा उपाय खोटा ठरला, आणि मी तो पुन्हा वर नेला. अर्थिंगवर खर्च केला. हार्ड डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकलं; त्यात तो आकडाही आपोआप मूळच्या काही शेवर आला. संध्याकाळभर यंत्र असं पळालं की मी शेजारी जाऊन सांगून आलो, आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा र्र्र्र. फॉरमॅटमध्ये बायकोने स्कॅन केलेले सासऱ्यांच्या एकसष्टीचे फोटो गेले. या विषयावर मी इथे जास्त लिहू नये असं ठरलं आहे.

उलगडा झाला तो मार्क रुसिनोविचच्या प्रोसेस एक्स्प्लोररमुळे. हे फुकटचं छोटं सॉफ्टवेअर, टास्क मॅनेजर जे दाखवत नाही ते दाखवणारं. त्यात ‘हार्डवेअर इंटरप्ट्स’ अशी वेगळी ओळ होती, आणि यंत्राचा निम्म्याहून जास्त वेळ ती ओळ खात होती. एक्सपीच्या टास्क मॅनेजरच्या यादीत या ओळीला जागाच नाही. तिचा सगळा वेळ तो सिस्टिम आयडलच्या नावावर मांडतो! रिकाम्याच्या नावाने भलताच कोणीतरी खात होता. बाबा बरोबर होते.

पुढचं सोपं. दबलेल्या केबलमुळे डिस्कवरून येणाऱ्या माहितीत चुका होतात. अशा सहा चुका मोजल्या की एक्सपी डीएमए ही जलद पद्धत एकेक पायरी खाली आणत शेवटी सोडूनच देतं आणि पीआयओ या जुन्या पद्धतीवर येतं, तिथे प्रत्येक तुकडा प्रोसेसरला स्वतः उचलून ठेवावा लागतो. एकदा खाली आलं की आपणहून वर जात नाही. एरवी पत्र टाइप करताना हे जाणवतही नाही. पण रात्रभर शेकडो तुकडे लिहिणारं, वाचणारं, तपासणारं फाइल शेअरिंग सुरू केलं की प्रोसेसरची हमाली संपत नाही. फॉरमॅटनंतर संध्याकाळभर बरं का वाटलं तेही कळलं: नव्या विंडोजने मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली होती.

तपकीर गल्लीत नवी केबल पन्नास रुपयांच्या आत मिळाली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन प्रायमरी आयडीई चॅनल काढून टाकला, यंत्र पुन्हा सुरू केलं. विंडोजने तो आपणहून शोधून डीएमएवर बसवला. बाण सरळ धावू लागला. बाबांना मी खरं ते सांगितलं, की तो आयडल खरोखरच लबाड निघाला. त्यांनी “हं” केलं आणि पेपर उलटला.

काही दिवसांनी गंधर्व पूर्ण उतरले. बाबा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “जलद फिरवलीय.” जुन्या तबकड्या सगळ्या नेमक्या 78 फेऱ्यांच्या नसत, एखादी 75-76 ला कापलेली असायची, आणि ती 78 ने वाजवली की आवाज चढतो. कोणी परदेशस्थ रसिकाने टेपवर उतरवताना हा घोळ घातला असावा. “असला माल आपण पुढे वाटायचा नाही,” बाबा म्हणाले.

मी फाइल काढायला गेलो तर खाली आमच्याच दारातली रांग दिसत होती: बरीच माणसं, सगळी त्या एका पदासाठी थांबलेली. बाबांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत पाहिली, एकेकापुढे लिहिलेली प्रतीक्षेची वेळ मोठ्याने वाचली आणि मला झोपायला पाठवलं.

सकाळी उठलो तर बाण पुन्हा अडखळत होता. मी कॅबिनेटचं झाकण उघडलं, केबल पाहिली, डीएमए तपासलं, प्रोसेस एक्स्प्लोरर लावला. सगळं जागच्या जागी.

“ते बघू नकोस,” बाबा चहा घेत म्हणाले. “तिथे एक आकडा होता, फारच कमी होता. लोक ताटकळत होते. मी एक शून्य वाढवलंय.”