फियाट निघाली विलायतेला

कायमचं परदेशी निघालेलं मराठी कुटुंब सोबत काय नेईल, याचे काही संकेत ठरलेले आहेत. प्रेशर कुकर चालतो. पोळपाट-लाटणं चालतं. भाजणी आणि गणपतीची छोटी मूर्ती यांच्याबद्दल तर कुणी विचारतही नाही. पण माझ्या थोरल्या भावाने फियाट न्यायची असं जाहीर केलं, तेव्हा आमच्या सोलापूरच्या घरात आधी हशा झाला, मग सगळे गप्प झाले आणि मग आईने विचारलं, "रस्त्याने?"

दादाला इंग्लंडात नोकरी लागली होती, लंडनच्या पश्चिमेला, स्लाउ नावाच्या गावात. फियाट म्हणजे कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, १९८३ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, आणि चोक ओढून तिची मनधरणी केल्याशिवाय सकाळी हलायची नाही. बाबांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून ती घेतली. तेव्हा गाडी मिळणं हीच बातमी असायची. पुढे बाबांनी ती दादाच्या नावावर केली.

दादाचा पहिला युक्तिवाद ऐतिहासिक होता. प्रीमियर कंपनी काढली वालचंद हिराचंदांनी, म्हणजे आपल्या सोलापूरच्या माणसाने. त्याआधी त्यांनीच सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन उभी केली आणि तिची ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ला मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. "वालचंदांची बोट गेली, आता वालचंदांची गाडी जाईल," दादा म्हणाला. यावर काय बोलणार? घरात कुणाचीच सिंदिया कंपनीवर तयारी नव्हती.

दुसरा युक्तिवाद मात्र मला मनापासून पटला. इकडे गाडी पंधरा वर्षांची झाली की तिच्याकडे संशयाने बघतात. फेरनोंदणी, मग दर पाच वर्षांनी पुन्हा हजेरी, वर पर्यावरण कर. एप्रिल २०२२मध्ये फेरनोंदणीची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली. विलायतेत न्याय उलटा. गाडीने चाळिशी ओलांडली की ती ‘ऐतिहासिक’ ठरते. रस्त्याचा कर माफ, दरवर्षीची तपासणी माफ, आणि २०२३पासून सगळ्या लंडनभर धुरकट गाड्यांना दिवसाला साडेबारा पौंड मोजावे लागतात, तेही माफ. आमच्या भंगारवाल्याने किलोवर भाव सांगितलेली वस्तू तिकडे वारसा होती.

दादा आणि वहिनी पुढे गेले. गाडी पाठवायचं काम, अर्थातच, मागे राहिलेल्या धाकट्याकडे आलं.

मी एका सरकारी कचेरीत जाऊन चौकशी केली. खिडकीतल्या साहेबांनी चष्मा वर केला.

"गाडी बाहेर न्यायची?"

"हो."

"मग अठ्ठावीस नंबरचा फॉर्म. ना हरकत. कुठल्या आरटीओला?"

"आरटीओ नाही. स्लाउ."

साहेबांनी मागे वळून सहकाऱ्याला विचारलं, "स्लाउ कर्नाटकात येतं का रे?"

सहकारी विजापूरचा असावा. त्याने प्रामाणिकपणे बराच विचार केला.

देश सोडणारी गाडी त्या कचेरीने पाहिलीच नव्हती. राज्य सोडणाऱ्या रोज दिसत. त्यामुळे नोंदणी रद्द करायची की हलवायची, यावर कचेरीत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, गाडी मेल्याशिवाय रद्द कशी करणार? मी जिवंत गाडी बाहेर उभी असल्याचं दाखवलं. त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि त्यांचं मत डळमळलं.

खरा पेच पडला तो सालाचा. आरसी बुक जुनं, हाताने भरलेलं. कुणातरी कारकुनाने १९८३ लिहिताना शेवटच्या आकड्याला इतका डौलदार वळसा दिला होता की तो आठही वाचता येई. इकडे कुणाला फरक पडत नव्हता, तिकडे सगळाच फरक पडत होता. १९८८ची गाडी चाळीसच्या आतली, म्हणजे नुसतीच जुनी. शिवाय वय सिद्ध झालं नाही तर ब्रिटिश परिवहन खातं क्यू अक्षराने सुरू होणारा नंबर देतं. म्हणजे हिच्या जन्माची खात्री नाही, असं पाटीवर लिहून आयुष्यभर हिंडायचं. दादा फोनवर जवळजवळ ओरडला, "आपल्या फियाटला क्यू?"

आईने पुरावा दिला. "कपिलदेवने कप उचलला त्याच आठवड्यात गाडी आली. मी पेढे वाटले तर लोकांना वाटलं मॅचचे." पुरावा निर्विवाद होता, फक्त तो खात्याच्या यादीत नव्हता. मग मी बॉनेट उघडून नंबराची पट्टी शोधली. तिच्यावर चाळीस दसऱ्यांचं हळदकुंकू थराथराने बसलं होतं. रॉकेलच्या बोळ्याने पुसत गेलो तसा आधी गुलाल निघाला, मग तेलकट काळा थर, मग अक्षता चिकटलेल्या खुणा, आणि सगळ्यात खाली, नखाला लागतील असे खोल ठोकलेले आकडे. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली. नंबर उमटला, पण साल नव्हतंच.

शेवटी बाबा उठले, गोदरेजच्या कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून मूळ खरेदीची पावती. तारीख टाइप केलेली. "झेरॉक्स काढ आणि पाठव," ते म्हणाले. तिकडे झेरॉक्स चालत नाही, अस्सलच लागतं, हे मी सांगितल्यावर त्यांनी पावती पुन्हा पिशवीत घातली. दोन दिवस घरात कुणी त्या विषयावर बोललं नाही. तिसऱ्या दिवशी चहाच्या कपाखाली पिशवी ठेवलेली सापडली.

इंग्लंडात कायम राहायला जाणाऱ्याला आपल्या वापरातल्या सामानावर जकात माफ होते. साध्या गाडीवर एरवी दहा टक्के जकात आणि वर वीस टक्के व्हॅट. सवलतीच्या अटी अशा: अर्जदार सलग बारा महिने देशाबाहेर राहिलेला हवा, गाडी किमान सहा महिने त्याच्या ताब्यात आणि वापरात हवी, आणि तिकडे पोचल्यावर वर्षभर ती विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, उसनी द्यायची नाही. मी हे आईला वाचून दाखवलं. "इतकी वर्षं कोण मागायला आलं होतं?" ती म्हणाली.

आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा दुबईला असतो. त्याला उलट्या दिशेने यायचं होतं, मोठ्या गाडीसकट. त्याच्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, आणि आपल्याकडे वापरलेली गाडी आणायची तर स्टिअरिंग उजवीकडे हवं. तो फियाटकडे ज्या नजरेने बघायचा, ती मी विसरणार नाही.

गाडी समुद्रापार न्यायचे दोन रस्ते. एक, जहाजाच्या पोटात चालवत न्यायची आणि पलीकडे चालवत उतरवायची. हा स्वस्त, पण गाडी चालू स्थितीत लागते. आमचे मिस्त्री म्हणाले, "चालू आहे की. फक्त साहेब, लंडनमध्ये ढकलायला माणसं मिळतात का?" मग दुसरा रस्ता, कंटेनर. त्यात टाकी जवळजवळ रिकामी हवी, बॅटरी सोडवलेली हवी, आणि गाडीत सुतळीचा तोडाही नको. सीटखालून निघालेल्या ऐवजात रावळगाव चॉकलेटचे कागद, चार आण्याची नाणी, वहिनीची एक कानातली कुडी आणि गड्ड्याच्या यात्रेत हरवली म्हणून मी मार खाल्लेली शिट्टी होती. ती दादाने लपवली होती, हे इतक्या वर्षांनी सिद्ध झालं.

चाकांना अडवायला लाकडी गुटके लागतात. त्या लाकडालाही शिक्का लागतो. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ते गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं हवं, म्हणजे आतली कीड मरते. मे महिन्याचं सोलापूर ४५ला टेकतं. आणखी थोडं सोसलं असतं तर आमच्या अंगणातला ओंडकाही निर्यातीला लायक ठरला असता.

न्हावा-शेव्याला कंटेनरचं दार बंद झाल्यावर माझं काम संपेल असं वाटलं होतं. पण विम्याच्या कागदात एक कलम निघालं, ते रोमन लोकांच्याही आधीपासून चालत आलेलं आहे. वादळात जहाज वाचवण्यासाठी एखाद्याचा माल मुद्दाम समुद्रात फेकला, तर त्याची भरपाई जहाजावरच्या सगळ्या मालधन्यांनी वाटून द्यायची. आपला माल सुखरूप असला तरी! २०२१ साली ‘एव्हर गिव्हन’ सुएझमध्ये आडवी अडकली, तेव्हा तिच्या मालकांनी हेच कलम पुढे केलं. म्हणजे कुणाच्या तरी टीव्हीच्या खोक्यांसाठी आमच्या फियाटकडून वर्गणी. मला हे अन्यायाचं वाटलं. बाबांना मात्र नाही. त्यांनी तीस वर्षं गणेश मंडळाचा हिशेब पाहिला आहे, वर्गणीला कारण लागत नाही हे त्यांना ठाऊक आहे.

त्यात २०२३च्या शेवटापासून तांबड्या समुद्रात हुथींचे हल्ले सुरू झालेले. त्यांनी पळवलेलं पहिलं जहाज, ‘गॅलक्सी लीडर’, नेमकं गाड्या वाहणारं. त्यामुळे आमचं जहाज सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून गेलं, वास्को द गामाच्या वाटेने, उलट दिशेने. मी मोबाइलवर जहाजाचा ठिपका लावून दिला आणि आई रोज सकाळी तो बघू लागली. किनाऱ्यापासून लांब गेलं की फुकटच्या ॲपवर ठिपका दिसेनासा होतो, कारण सिग्नल किनाऱ्यावरच्या ॲन्टेना पकडतात. हे मी समजावलं. तरी आई म्हणायची, "काल मादागास्करला होती. आज बोलत नाही." २०२२मध्ये अॅझोर्सजवळ चार हजार गाड्या घेऊन बुडालेल्या ‘फेलिसिटी एस’ची गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नाही.

याच काळात बाबांनी सहज म्हणून स्वतःबद्दल चौकशी केली. गाडीला जर ‘कायम वास्तव्य’ मिळतं, तर बापाला काय मिळेल? मी वाचून सांगितलं. फिरायला जायचं तर व्हिसा एका वेळी सहा महिन्यांपर्यंत. मुलाकडे कायमचं राहायचं, तर २०१२पासून नियम कडक झाले आहेत: मुलगा आधी तिकडचा कायम रहिवासी हवा, आणि आई-बाप इतके परस्वाधीन हवेत, की पैसे मोजूनही त्यांची देखभाल इकडे होऊ नये.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे गाडी धडधाकट हवी आणि बाप अंथरुणाला खिळलेला," ते म्हणाले. "ठीक आहे. नियम लिहिणाऱ्याला मुलं असतील." आणि सकाळचा फेरा मारायला सिद्धेश्वर तळ्याकडे गेले, नेहमीपेक्षा जरा ताठ चालत.

फियाट पोचली. नंबर मिळाला, शेवटी वाय अक्षराचा, म्हणजे जुलै १९८३ संपायच्या आतली. कपिलदेवच्या साक्षीवर ब्रिटिश सरकारने शिक्कामोर्तब केलं, असं आई मानते. मात्र दोन त्रुटी निघाल्या. वेगाचा काटा मैलांत हवा होता. हा आमच्या गाडीवर अन्याय नव्हता. तिचा काटा कुठल्याच एककात हलत नव्हता. दुसरी, मागे धुक्याचा लाल दिवा हवा. एप्रिल १९८०नंतरच्या सगळ्या गाड्यांना तिकडे तो सक्तीचा आहे. सोलापुरात धुकं म्हणजे समोरच्या ट्रकने उडवलेली धूळ, आणि तिच्यावर उपाय म्हणजे हॉर्न. तोही तिकडे वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात वाजवायचा नाही, आणि गाडी उभी असताना तर धोका असल्याशिवाय नाहीच. दादा म्हणतो, पहिल्या आठवड्यात त्याचा हात सारखा स्टिअरिंगच्या मध्यावर जायचा आणि तिथेच थिजायचा.

आता सुट्या भागांचा प्रश्न आहे. ते इकडेच मिळतात, जुन्या बाजारात, मिस्त्रींच्या ओळखीने. वहिनी एका लग्नासाठी इकडे आली तेव्हा परतीच्या तेवीस किलोंची वाटणी फियाटच्या नावाने झाली. वापरलेला कार्ब्युरेटर पेट्रोलचा वास आला तर विमानात घेत नाहीत, म्हणून आईने तो चिंच लावून घासला. इतका, की मिस्त्रींनी तो ओळखलाच नाही.

"आई, शेंगाचटणीला जागाच उरली नाही हो," वहिनी म्हणाली.

आईने एअर फिल्टरचा गोल डबा उचलला, आत डोकावली, चटणीच्या चार पुड्या त्यात नीट बसवल्या आणि झाकण लावलं. तो फिल्टर बसवल्यापासून गाडी सुरू केली की गल्लीभर लसणाचा वास सुटतो, अशी दादाची तक्रार आहे. पुढच्या वेळी जवसाची देते, असं आईने कळवलं आहे.