आलं का रे?

आमच्या गिरगावातल्या घरात टीव्ही ‘सोपा’ करायची टूम दर काही वर्षांनी निघते आणि भिंतीवर एक खिळा, एक वायर आणि एक डबा वाढवून शमते. खोली पागडीची, भिंतीला हात लावायला मालकाची परवानगी लागते. वायरीला लागत नाही. त्यामुळे आमच्या टीव्हीमागे आज जे काही लोंबतंय त्यावरून पुरातत्त्व खात्यालाही कालखंड पाडता येतील. सगळ्यात खाली चपटी, पिवळी पडलेली अँटेनाची वायर. ती कुठून येते हे आता कोणालाच सांगता येत नाही, पण “असू दे, कधी लागली तर” म्हणून अण्णांनी ती काढू दिलेली नाही.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला वरळीहून सुरू झालं. चाळीतला पहिला टीव्ही दुसऱ्या मजल्यावर आला आणि त्या घराची खासगी मालकी संपली. संध्याकाळी त्यांच्या दारात चपलांचा ढीग. ज्यांच्या मालकीची जमीन म्हणजे गॅलरीतली तुळशीची कुंडी, अशी माणसं ‘आमची माती, आमची माणसं’ मन लावून बघायची. भातावर पडणाऱ्या रोगाची आमच्या मजल्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी अख्ख्या कर्जत तालुक्यात झाली नसेल. लावलंय ते बघायचं, एवढाच पर्याय होता आणि त्याला कोणी पर्याय म्हणत नसे.

पुढे आमचाही टीव्ही आला, शटरवाला. त्याचं लायसन्स काढून पोस्टात पैसे भरावे लागत. त्या लायसन्सात एक कलम लिहिलेलं नव्हतं, ते म्हणजे घरातल्या धाकट्या मुलाने गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायची. मी गच्चीवर पाइप धरून, जिन्यात शेजारचा मुलगा, गॅलरीत आई आणि टीव्हीसमोर अण्णा. “आलं का रे?” वरून. “थोडं आलंय!” खालून. वरळीहून निघालेलं चित्र आमच्या खोलीत पळभरात पोचे. ‘आलं’ हा निरोप मात्र जिना चढून माझ्यापर्यंत येईतो मी पाइप आणखी चार बोटं फिरवलेला असे आणि चित्र गेलेलं असे. मग अण्णा ओरडत. दूरदर्शनवर नाही, माझ्यावर. दूरदर्शन ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ अशी पाटी तरी लावी. मला तेवढीही सोय नव्हती.

नव्वदच्या दशकात माझी सुटका केबलवाल्याने केली. ओरडा खाण्याचं खातं माझ्याकडून त्याच्याकडे गेलं. तक्रार नोंदवायची पद्धत सोपी होती: गॅलरीत उभं राहून त्याच्या नावाने बोंब मारायची. एप्रिल 1998 मध्ये शारजात वाळूचं वादळ येऊन गेलं आणि सचिन खेळत होता त्या रात्री आमची केबल अशा वेळी गेली, की दहा मिनिटांत अर्धी वाडी त्या माणसाच्या दारात होती. तो बनियनवर खांबावर चढला. वर तो, खाली शंभर माणसं, आणि सगळे एका सुरात ओरडतायत. आलं का ते विचारायला मात्र सगळे परत घरी पळाले.

मग सरकारने ठरवलं, की टीव्ही सोपा झाला पाहिजे. प्रयोगाला निवडली दक्षिण मुंबई, जोडीला दिल्ली-कोलकात्याचे काही भाग. जानेवारी 2007 पासून पे चॅनल हवा तर डबा घ्या. फुकटातल्या चॅनलांचे महिना 77 रुपये, वर प्रत्येक पे चॅनलचे 5. आम्ही एवीतेवी महापालिकेच्या सगळ्या खोदकामांना सरावलेलो, डबा घेतला. डोंबिवलीचा मावसभाऊ त्या काळात बिनडब्याचं सगळं बघत होता आणि फोन करून सांगत होता. पुढे 2012 च्या शेवटी अख्ख्या मुंबईला डबा सक्तीचा झाला तेव्हा डोंबिवलीची पाळी यायची होती, पण अण्णा म्हणाले, “येईल. डबा कोणाला चुकलाय?”

2019 साली आणखी सोपं झालं. 130 रुपये अधिक कर, त्यात शंभर चॅनल, आणि ते तुम्हीच निवडा! केबलवाल्याचा पोरगा (बापाचा धंदा आता तो बघतो) फॉर्म घेऊन आला. अण्णा पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त झालेले. फॉर्म म्हटलं की त्यांच्या अंगात बळ येतं. चष्मा, पेन्सिल, खोडरबर. शंभरात दूरदर्शनचे पंचवीसच्या आसपास सक्तीचे निघाले. आमच्या घरी त्या वर्षी श्रीनगरचं हवामान कळत असे आणि हिला हवी असलेली मालिका लागत नसे. आईने एकच विचारलं, “पूर्वी सगळं दिसायचं, आता निवडून कमी दिसतं. मग निवडलं कशाला?” याचं उत्तर हे नियम करणाऱ्या ट्रायकडेही नसावं.

गेल्या दिवाळीत चिरंजीव बंगळुरूहून आले. टीव्हीमागे वाकून बघितलं आणि “बाबा, हे काय आहे?” असं ज्या आवाजात विचारलं त्या आवाजात डॉक्टर एक्स-रे बघून विचारतात. मग कागदावर आकृती काढली. केबल बंद. डीडी फ्री डिश लावायची. ही 2004 पासून आहे, डिश-डबा एकदा घेतला की महिन्याला शून्य रुपये. सिनेमे-मालिका ओटीटीवर. आणि हवं ते पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करून कधीही बघा. ‘कधीही’ या शब्दावर अण्णांचे डोळे चमकले. सत्त्याऐंशीव्या वर्षी माणसाला एवढं मोकळं आश्वासन कोण देतं?

लॅमिंग्टन रोडवर (तो डॉ. भडकमकर मार्ग झाल्याला जमाना लोटला, पण त्या नावाने विचारलंत तर दुकानदार तुम्हाला पत्ता चुकलेला समजतात) दीड-दोन हजारांत सगळा संसार मिळाला. आता तो गच्चीवर लावायचा. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15. तो विषुववृत्तावर 93.5 अंश पूर्वेला, 36,000 किलोमीटर उंचीवर थांबलेला. मुंबईतून बघायचं तर तोंड आग्नेयेला आणि मान बरीच वर. आईला हे ताबडतोब पटलं. “आग्नेय म्हणजे अग्नीची दिशा. तिथे चूल असावी, बाई, टीव्ही कसला!” पण हरकत नाही म्हणाली, कारण गॅस तिकडेच आहे.

तर चिरंजीव गच्चीवर, हातात मोबाइल, मोबाइलमध्ये होकायंत्र. खाली मी. अण्णा खुर्चीत. “बाबा, आलं का?” आता जिन्यातल्या मुलाची गरज नव्हती, फोन होता. मात्र ‘आलं’ म्हणेस्तोवर त्याने डिश हलवलेली असायची, ही परंपरा अभियांत्रिकीच्या पदवीनेही मोडली नाही. पट्टीवर सिग्नल सत्तर टक्के दिसे, शून्य होई, पुन्हा दिसे. शेवटी मी वर गेलो. डिशच्या मागे उभा राहून तिच्या नजरेने आग्नेयेला बघितलं, तर समोर नवा टॉवर. आमच्या शेजारची चाळ पाडून तिच्या जागी उभा राहतोय तो. क्रेनचा हात हलला, की आमच्या बातम्या जात. 36,000 किलोमीटर विनातक्रार आलेला सिग्नल शेवटच्या पन्नास मीटरवर बिल्डरने अडवला होता. डिश गच्चीच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या कडेला नेली, तेव्हा कुठे टॉवर आणि टाकी यांच्या फटीतून सह्याद्री वाहिनी दिसली. “मजला वाढेपर्यंत चालेल,” चिरंजीव म्हणाले आणि बंगळुरूला गेले.

रेकॉर्डिंगची गोष्ट वेगळी लिहायला हवी. एका मराठी चॅनलवर संध्याकाळी 7 वाजता जुना सिनेमा लागणार होता. अण्णांनी नातवाला फोन करकरून वेळ लावली, पेनड्राइव्ह खोचला, लाल दिवा लागायची वाट न बघता मजेत फिरायला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे जमलो. सिनेमा नव्हताच. एक बाई कढईत तेल न घालता अंडं तळून दाखवत होती. डब्याचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालत होतं. त्यामुळे त्याच्या लेखी सात वाजले तेव्हा गिरगावात रात्रीचे साडेबारा झाले होते. ही म्हणाली, “बंद करा.” अण्णा म्हणाले, “थांबा.” त्यांनी ती कढई शेवटपर्यंत बघितली. मग निकाल दिला, “बाकी काही म्हणा, मध्ये एकही जाहिरात नाही.”

घड्याळ साडेपाच तासांनी पुढे झालं, पण अण्णांचं मन रेकॉर्डिंगवर बसलं ते बसलंच. ते मग सातच्या बातम्या रेकॉर्ड करायचे आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी बघायचे. “काय व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, जीवाला घोर नाही,” म्हणायचे. पाऊस पडणार असं त्यांना कळायचं तेव्हा रस्ते वाळलेले असायचे.

ओटीटीचं म्हणाल तर ती काडी टीव्हीच्या पाठीत खुपसली आहे. ती सुरू झाली, की ‘कोण बघतंय?’ विचारते. आई खरोखर उत्तर देते, “मी आणि शेजारच्या वहिनी.” महिनाभर खातं ठीक चालतं, मग अचानक ओटीपी मागतं. तो बंगळुरूला चिरंजीवांच्या मोबाइलवर जातो, ते मीटिंगमध्ये असतात. म्हणजे गिरगावात बसून दादरच्या शिवाजी मंदिरात गाजलेलं नाटक बघायला कर्नाटकातून परवानगी लागते. प्रसार भारतीने 2024 च्या नोव्हेंबरात ‘वेव्ह्ज’ नावाचं ॲप आणलं, त्यात दूरदर्शनचा जुना खजिना आहे. तिथे मात्र अण्णा रमले. एकदा मध्येच चित्र अडकलं, गोल गोल फिरायला लागलं. अण्णा सवयीने उठून गॅलरीत गेले, कठडा धरला, हाक मारायला तोंड उघडलं आणि कोणाच्या नावाने मारायची ते न सुचून परत आले.

त्या महिन्याच्या पाच तारखेला दारात केबलवाल्याचा पोरगा. मी म्हटलं, “अरे, आपली केबल बंद आहे ना?” तो अण्णांकडे बघायला लागला. अण्णा खिडकीकडे. आईने उशीखालून पैसे काढून दिले. केबल एक दिवसही बंद झालेली नव्हती! चिरंजीवांनी काढलेली वायर ते टॅक्सीत बसल्याबरोबर अण्णांनी पुन्हा जोडून घेतली होती.

“अहो पण कशाला?”

“कशाला म्हणजे? तुझ्या त्या उपग्रहाला शिव्या घालून उपयोग आहे का? हा येतो. आठवड्यातून दोनदा ऐकून घेतो. वर ‘अण्णा, चहा झाला का’ विचारतो. एवढ्या पैशात कोण ऐकतं आज?”

पोरगा हसला. मग जरा घुटमळून म्हणाला, “अण्णा, ती वरची डिश तुम्हाला लागत नसेल तर... गावाला आईला बघायला काही नाही. कणकवलीपासून आत आहे, केबल जात नाही.” ज्याचं पोट केबलवर चालतं त्याने फुकटची डिश मागावी, यावर मला काही सुचेना. अण्णांना सुचलं. त्यांनी चार महिन्यांची केबल माफ कर म्हटलं, तो एकावर अडला, शेवटी दोन महिने आणि मे महिन्यात पायरी आंब्याची एक पेटी यावर तुटलं. डबा पिशवीत, डिश डोक्यावर उलटी, असा तो जिना उतरायला लागला. अण्णा गॅलरीत येऊन वाकले आणि वाडी दणाणेल अशा आवाजात ओरडले, “अरे, आग्नेयेला धर! आणि समोर कोणी टॉवर बांधतंय का ते आधी बघ!”