शून्यानंतरची शून्यं

चिंचवडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये तात्यांना ‘चहा कसा झालाय?’ असं कुणी विचारत नाही. उत्तर पार्ट्स-पर-मिलियनमध्ये येतं.

तात्यांचं काम ऑप-ॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारी चिप, निवडायचं. डेटाशीट ते पत्रिकेसारखी बघतात. पहिल्या पानावरच्या गोड आकड्यांना भुलत नाहीत, थेट मागच्या आलेखांवर जातात. लोड सहाशे ओम की दोन किलो-ओम? गेन किती धरून मोजलंय? नॉन-इन्व्हर्टिंग जोडणीत कॉमन-मोडमुळे डिस्टॉर्शन वाढतं, ते लपवलंय का? १९६८ साली आलेल्या ७४१चं तर ते नावही घेत नाहीत, ‘तो’ म्हणतात. ओपीए१६११वर मात्र जीव. एक किलोहर्ट्झला डिस्टॉर्शन ०.०००००१५ नव्हे हं, ०.००००१५ टक्के! प्रत्येक शून्यापाशी तात्या किंचित थांबतात. म्हणजे सदुसष्ट लाखांत एक भाग भेसळ. ती पकडायला आमचा ॲनालायझर अपुरा, त्याचं स्वतःचंच डिस्टॉर्शन जास्त. मग तात्या दोन इनपुटांमध्ये छोटा रेझिस्टर घालून चूक शंभरपट फुगवतात आणि मोजतात. त्या वेळी पंखासुद्धा बंद.

बाजारातून आलेला महागडा ओपीए६२७ ते आधी ॲसिटोनच्या बोळ्याने पुसतात. नंबर पुसला गेला, की चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, “बारसं परवाच झालंय याचं!” सिग्नलच्या वाटेत कुणी एक्स७आर कपॅसिटर टाकला तर त्या दिवशी ते त्याच्याशी बोलत नाहीत. तिथे सी०जीच हवा, आणि यात ते शंभर टक्के बरोबर आहेत.

गोची झाली ती कांद्याच्या काट्याची. मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याला इलेक्ट्रॉनिक काटा हवा होता. लोडसेलमधून येणार जेमतेम वीस मिलिव्होल्ट, तेही डीसी. पोतं काही सूर लावत नाही. तिथे बघायचा तो ऑफसेट आणि तापमानाबरोबर होणारा ड्रिफ्ट. पण तात्यांनी एडी७९७ लावला. शंभर मेगाहर्ट्झच्या वर पोचणारा हा गडी, डीकपलिंग जरा ढिलं पडलं की स्वतःच ऑसिलेट होतो. काटा रिकामा, आणि आकडे नाचतायत.

व्यापारी म्हणाला, “तात्या, माल चढायच्या आधीच वजन? असा काटा आम्हाला पूर्वी कुणी दिला नाही हो!”

तात्या शांत. “डिस्टॉर्शन मात्र नाहीये त्यात.”

आता त्या काट्यात साधा, स्वस्त ओपी०७ आहे आणि तो मुकाट्याने कांदे तोलतोय. एडी७९७ तात्यांनी अँटिस्टॅटिक पिशवीत घालून घरी नेला.

तुमच्याकडे ध्वनिमापनाचं किंवा व्हायब्रेशन मीटरचं काम असेल तर जरूर कळवा. माणूस अव्वल आहे. फक्त कांद्याजवळ नेऊ नका.