चारशे चौपन्नवाले

लेकीकडे टेक्सासात सहा महिने राहून आलो. ग्रँड कॅनियन राहूनच गेलं, पण समोरच्या घराचं गॅरेज मात्र मी खडान्‌खडा पाहिलं.

तिथल्या गृहस्थांच्या जातीला मी 'चारशे चौपन्नवाले' म्हणतो. आपल्याकडे वाड्यात एक तरी तबला बडवणारा असायचा, तसा तिकडे गल्लीत हा असतोच. साठी उलटलेली, नखांत कायमचं ग्रीस, आणि दारात १९६९ची शेवरले सी-१० पिकअप. तिचं मूळचं सहा सिलिंडरचं इंजिन बिनतक्रार चालायचं. तोच त्याचा गुन्हा.

चारशे चौपन्न म्हणजे ४५४ घनइंच, आपल्या हिशेबात ७.४ लिटर. मारुती ८००ची नऊ इंजिनं एकात ओतली तरी थोडं कमीच पडेल. वजन तीनशे किलोंच्या घरात. शेवरलेनं ते काढलं १९७०मध्ये, म्हणजे ही गाडी बनली तेव्हा ते बाजारातच नव्हतं. गृहस्थांच्या मते ती कंपनीची चूक. ते फक्त दुरुस्त करत होते.

इंजिन मिळालं भंगारातल्या एका मोटारहोमचं. "नुसतं इंजिन तर बदलायचंय, दोन शनिवारांचं काम," असं ते मला म्हणाले तेव्हा मार्च होता. इंजिन बसलं आणि गाडीनं नाक खाली घातलं, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलल्या. मग पाणी उकळू लागलं, म्हणून रेडिएटर. मग एका मित्रानं प्रेमानं ३९६ इंजिनाचं फ्लायव्हील दिलं. आता ४५४चा तोल राखणारं थोडं वजन बाहेर, त्याच्या स्वतःच्या फ्लायव्हीलवर असतं; दुसऱ्याचं चालत नाही. इंजिन सुरू होताच फळीवरचे पाने एकेक करून खाली उतरले. गृहस्थ खूष! चूक सापडली की अजून एक शनिवार मिळतो.

ठिणगीचा क्रम, एक-आठ-चार-तीन-सहा-पाच-सात-दोन, अथर्वशीर्षासारखा तोंडपाठ. लग्नाची तारीख मात्र गॅरेजच्या भिंतीवर खडूनं लिहिलेली.

ब्रेक चारही चाकांना जुने ड्रमचे. "धावेल हो, पण थांबेल का?" मी विचारलं. "ते पुढच्या वर्षी."

इंजिनं आपल्याकडेही बदलली जात. पेट्रोलच्या अँबॅसडरमध्ये, जीपमध्ये लोक डिझेलचं इंजिन बसवत, चार पैसे वाचावेत म्हणून. हे मी त्यांना सांगितलं, तर मी पुरणात कोंडा कालवायला सांगतोय असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तरी राहवेना, आपला राष्ट्रीय प्रश्न विचारलाच: "किती देते?" गॅलनला दहा मैल, म्हणजे लिटरला जेमतेम चार किलोमीटर. आकडा त्यांनी नातवाचे मार्क सांगावेत तसा सांगितला.

ऑगस्टात गाडी निघाली. मला शेजारी बसवून कोपऱ्यापर्यंत नेलं. आवाज असा की बोलायची सोय नाही, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. परतल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं आणि काहीतरी बिनसल्याच्या आशेनं आत डोकावले.

मागचा हौदा मी कधी भरलेला पाहिला नाही. जुनं इंजिन ताडपत्रीखाली जपून ठेवलंय, "लागलं तर" म्हणून. मी निघालो त्या दिवशी दोन जड बॅगांसकट मला विमानतळावर सोडायला तेच आले. बायकोच्या टोयोटातून.