पान कितवं?

हळदीचं दूध प्यायलं की खोकला पळतो, हे सरांना सांगायची सोय नाही. ‘कुठे वाचलंत? पान कितवं?’ असा प्रश्न आलाच. सांगणारी ऐंशीची मावशी असली तरी सुटका नाही. इतिहासाच्या विभागात असे सर हमखास भेटतात, पीएच.डी.ला नाव घातलेल्यांना जास्त ओळख करून द्यायला नको.

एकीनं ऐटीत तळटीप दिली: राजवाडे, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’. सर म्हणाले, ‘साधनांचे खंड २२. त्यातला कितवा? पान कितवं? आणि खंड स्वतः उघडलात, की ज्यानं उघडला त्याचं पुस्तक उघडलंत?’ तिनं दुसरंच केलं होतं. ‘मग तसं लिहा. राजवाड्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढू नका,’ असं सुनावून सरांनी तिला ग्रंथालयात पिटाळलं.

२०१८मध्ये यूजीसीचे वाङ्मयचौर्याचे नियम आले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असलं तर शिक्षा नाही, ६०च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. तेव्हापासून विद्यार्थी टक्के मोजतात आणि सर डोकं धरून बसतात. टक्के उतरवायला एकानं दिसेल त्या शब्दाला प्रतिशब्द घातला. १७३१च्या वारणेच्या तहात सातारा आणि कोल्हापूरच्या गाद्यांच्या हद्दी ठरल्या. याच्या प्रबंधात साताऱ्याचा ‘बिछाना’ अवतरला. अहवालात साम्य फक्त ८ टक्के!

‘शब्द बदललेत, विचार कुणाचा?’ सर गरजले. ‘यंत्राला दिसला नाही म्हणून तो तुमचा झाला? पान कितवं?’

आणखी एका अविवाहित पठ्ठ्यानं शोधगंगेवरच्या कुठल्याशा प्रबंधातून ऋणनिर्देशच उचलला आणि सासूबाईंचे मनःपूर्वक आभार मानले. समासात लाल शाई उमटली: ‘पान कितवं?’

छळ खराच. पण पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात कागद पाहायला जायचं तर ओळखीची चिठ्ठी सरच देतात. मोडी शिकवायला रविवारी घरी बसवतात, चहाही पाजतात. स्वतःचं पुस्तक मात्र त्यांनी छापलं नाही. एका पत्राची तारीख जुळत नाही म्हणून टिपणांच्या वह्या कपाटात पडून आहेत. तारखांची फिकीर न करता पुस्तकं काढणारे सहकारी दरम्यान प्राध्यापक झाले, विभागप्रमुख झाले, शाल-श्रीफळ घेऊन निवृत्तही झाले.

मग त्या राजवाडेवाल्या विद्यार्थिनीचं पुस्तक आलं. सरांनी सवयीनं टिपांपासून वाचायला घेतलं. एका टिपेत त्यांचंच नाव: अप्रकाशित टिपणवही, पान ४३. सर उखडले. वहीला त्यांनी पान नंबर कधी घातलेच नव्हते! लगेच फोन लावला.

‘पानं मोजलीस केव्हा?’

‘मोडी शिकायला येत होते तेव्हा, सर.’

सरांनी वही काढली, बोट ओलं करून पानं मोजली. त्रेचाळिसावंच निघालं.

‘मागची बाजू आहे,’ ते फोनवर म्हणाले, ‘तेही लिहायला हवं होतं.’