ठोकायचं कुठे

जुन्या प्रीमिअर पद्मिनीच्या मालकाला रोगनिदान फुकट मिळतं. सिग्नलला शेजारी थांबलेला रिक्षावाला, सोसायटीचा वॉचमन, लग्नाला सोबत निघालेले काका, सगळे घटकाभर कान देतात आणि एकमुखाने सांगतात, "बेअरिंग गेलंय." कोणतं, ते कोणी सांगत नाही.

आमच्या मिस्त्रींनी सांगितलं, आणि तेही पाना हातात न घेता. गाडी न्यूट्रलला ठेवून क्लच दाबायला लावला. घरघर थांबली. म्हणजे क्लचचं रिलीज बेअरिंग निर्दोष सुटलं, पाप गिअरबॉक्सच्या आतलं. मग गाडी रस्त्यावर काढली. पहिल्या तीन गिअरमध्ये रडगाणं, चौथ्यात बऱ्यापैकी शांतता. या जुन्या रचनेत टॉप गिअरला इंजिनाचा जोर सरळ आरपार जातो. खालचा काउंटर शाफ्ट फिरतो, पण ओझं वाहत नाही. "ओझं उतरल्यावर जो गप्प बसतो, दुखणं त्याचंच," मिस्त्री म्हणाले, आणि पुढच्याच श्वासात, "पण साहेब, बॉक्स खोलायचाच आहे तर सगळीच बदलू." हे वाक्य न म्हणणारा मिस्त्री मी अजून पाहिलेला नाही. या वेळी मात्र ते रास्त होतं. एका बेअरिंगसाठी गिअरबॉक्स दोनदा उतरवायला माणसाला फार मोठं प्रेम किंवा फार मोठी सुट्टी लागते.

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीला रजा मिळाली. तेव्हापासून या गाडीच्या दरवाज्याचं हँडल मागितलं, तरी दुकानदार आधी आपल्याकडे सहानुभूतीने पाहतो. बेअरिंगचं तसं नाही. नागदेवी स्ट्रीटवर गाडीचं नाव सांगूच नये, नंबर सांगावा. बेअरिंगच्या कडेवर तो कोरलेला असतो. समजा ६२०५. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतलं भोक, २५ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ५२, जाडी १५. जगात कुठेही जा, ६२०५ हे ६२०५च. तेच कुणाच्या वॉशिंग मशीनमध्ये धोतरं पिळत असतं. आपण ज्या गाडीवर जीव टाकतो, तिच्या पोटात इतकी सार्वजनिक वस्तू बसलेली आहे, हे पचायला थोडा वेळ लागतो.

दुकानदाराचा पुढचा प्रश्न असतो, "उघडं, पत्र्याचं की रबराचं?" मध्यमवर्गीय मन झाकलेल्या वस्तूकडे ओढलं जातं, धूळ बसायला नको. पण गिअरबॉक्समध्ये गिअर स्वतःच तेल उडवून सगळ्यांना न्हाऊ घालतात. तिथे झाकण लावणं म्हणजे पंगतीत बसून तोंडाला फडकं बांधणं. उघडं घ्यावं.

खरी परीक्षा बसवताना. बेअरिंगला दोन कडी, मध्ये छर्रे. आतलं कडं शाफ्टवर घट्ट बसायचं असेल, तर दाब आतल्याच कड्यावर द्यायचा. बाहेरचं कडं हाताला सोयीचं, म्हणून त्यावर हातोडा घातला, तर घाव छर्ऱ्यांतून आत जातो आणि आरशासारख्या पट्टीवर बारीक खड्डे पडतात. डोळ्यांना ते बहुधा दिसत नाहीत, कानांना मात्र काही दिवसांत कळतात. स्वीडनच्या योहान ब्रिनेल या अभियंत्याने १९०० साली धातूचा कठीणपणा मोजायची युक्ती मांडली: पोलादी गोळी ठराविक जोराने धातूवर दाबायची आणि पडलेला खड्डा मोजायचा. आपल्याकडच्या किती गॅरेजांत हा प्रयोग गिऱ्हाइकाच्या खर्चाने रोज चालतो, याची त्या सद्गृहस्थांना कल्पना नसावी.

मिस्त्रींचा हातोडा भिंतीवरच राहिला. त्यांनी स्टोव्हवर तेलाची कढई ठेवली आणि बेअरिंग तारेला बांधून आत सोडलं, बुडाला टेकू न देता, कारण बुडाशी चटका जास्त. तेल शंभर अंशांच्या आत. एवढ्या उष्णतेने २५ मिलिमीटरचं भोक जेमतेम दोन शतांश मिलिमीटरने मोठं होतं, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. पण तेवढ्यात काम होतं. चिमट्याने बाहेर काढलं, शाफ्टवर धरलं आणि ते आपल्या वजनाने सर्रकन खांद्यापर्यंत जाऊन टेकलं. तासभर पुलरला लटकून उतरवलेल्याच्या जागी नवं क्षणात बसलं. बघायला जमलेल्यांची थोडी निराशा झाली. ठोकाठोकी झाली नाही, तर पैसे कशाचे, असा भाव एक-दोन चेहऱ्यांवर होता.

नवं नव्वद नंबरचं तेल भरून गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर काढली. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे चिडीचूप. इतके, की मागून येणारी एक बारीक शीळ मला प्रथमच ऐकू आली.

"डिफरन्शियल," मिस्त्री खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तो आधीपासूनच आहे, साहेब."